मोकळ्या जागांसकट

पानाचा हिशोब आमच्याकडे खुणांवर होतो.
अठराशे खुणा म्हणजे एक पान,
मोकळ्या जागांसकट.
हे मी फोनवर सांगते तेव्हा
पलीकडे छोटासा विराम पडतो
(त्याचेही पैसे लावावेत असा),
मग विचारतात, जागांचेसुद्धा?

एकोणीस वर्षं मी एका प्रकाशनात होते,
इथेच पोर्तोत, नदीपासून तिसऱ्या चढावर,
खिडकीला लागून टेबल, टेबलाला दिवा.
मार्चमध्ये नवे मालक आले.
त्यांनी माझ्या हातात पत्र ठेवलं,
त्यात दोन स्वल्पविराम चुकले होते.
दुरुस्त केले, मग सही केली.

तेव्हापासून मी स्वतंत्र आहे.
स्वतंत्र माणसाला हिरवी पावती फाडावी लागते.
आता ती कागदाची नसते, हिरवीही नसते,
फाडण्यासारखं काही उरलेलंच नाही,
नाव तेवढं चिकटून राहिलंय.

सदतीस पत्रं पाठवली.
लिस्बनच्या एका गृहस्थांनी चाचणी म्हणून चाळीस पानं दिली, फुकट.
पुढची चाळीस ग्रासिएतला,
त्यापुढची एका कोइंब्राच्या मुलीला.
हे आम्हां तिघींना कळलं
पुस्तक दुकानात आल्यावर.
छपाई स्वच्छ होती, म्हणायला हवं.

मग आदेरितु आला, बंदरातला निवृत्त वाटाड्या,
आत्मचरित्र पिशवीत घालून:
'फक्त एक नजर टाका.'
नजर सहाशे पानांची.
वादळ आलं की त्याचं वाक्य संपतच नसे,
आणि वादळं बरीच होती.
पैशांऐवजी ऑक्टोपस आणला वर्तमानपत्रात गुंडाळून.
मथळ्यात चूक होती.
ओला कागद, पेन्सिल उमटेना.

'पण हे आता मशीन करतं ना?' वहिनी म्हणाली.
करतं.
तिने वाढलेलं सूप मी निमूट प्यायले.

जूनमध्ये कर-कचेरीतून परतताना
पाथरवटाच्या आवारापाशी पाय अडला.
ग्रॅनाइटवर खडूने आखलेलं:
जेफेरिनु तावारेश, दोन सनावळ्या,
खाली 'आमच्या लाडक्या', आणि तो शब्द.

आमच्या भाषेत आजी आणि आजोबा
तीन अक्षरांच्या एकाच घरात नांदतात.
आजीच्या डोक्यावर तिरकी रेघ,
आजोबांच्या डोक्यावर छपरासारखी टोपी.
बाकी सारं सारखं.
दोन्ही शब्द शुद्ध. कुठलंच मशीन लाल होणार नाही.
जेफेरिनुच्या डोक्यावर रेघ होती.

'यांची आजी झालीय,' मी कुंपणावरून म्हटलं.

सेराफिंने छिन्नी ठेवली,
घरच्यांनी पाठवलेली चिठ्ठी शोधून काढली.
चिठ्ठीतही आजीच.
रडत्या माणसाला टोपी कुठली दिसायला.
ओल्या फडक्याने त्याने रेघ पुसली,
मला वर-खाली पाहिलं, कानावरची पेन्सिल पाहिली,
'किती घेता?'

सवयीने बोलून गेले: अक्षरावर, मोकळ्या जागांसकट.
आणि विरामाची वाट पाहत राहिले.

'बरोबरच आहे,' तो म्हणाला,
शेजारचा दगड दाखवला, उठावाच्या अक्षरांचा, जुन्या पद्धतीचा.
'इथे अक्षराला आम्ही हात लावत नाही.
भोवतालचं काढतो.
घाम सगळा जागांचाच.'

आता गुरुवारी जाते.
एक बाई जन्माच्या दोन वर्षं आधी वारली होती,
वेळेत वाचवली.
भाडं यातून निघत नाही. अडतिसावं पत्र आजच टाकलं.

पहिल्या दिवशीची पावती मात्र लक्षात आहे:
कामाचं स्वरूप, असा रकाना होता,
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला,
मग लिहिलं:
टोपी, एक. पुरुषाची.